चालान फाडून अपघात कमी होतात का? इंदूरकरांनो, खरं खरं बोला

रामबागचा_भिडू
मंडळी, आज डोकं गरम आहे म्हणून धागा काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

सकाळी रामबागेतून विजयनगरला ऑफिसला जाताना एका सिग्नलला माझ्या अ‍ॅक्टिव्हाचं पुढचं चाक पांढऱ्या पट्टीच्या वीतभर पुढे गेलं. दुपारी डबा उघडतोय तोवर मोबाइलवर चालान, फोटोसकट. फोटो इतका झकास की हँडलला लटकवलेली डब्याची पिशवीसुद्धा ओळखू येते. ठीक आहे, चूक माझी, भरले पैसे, विषय संपला.

संध्याकाळी परत येताना एका वळणावर समोरून लोडिंग रिक्षा, राँग साइड, लाइट बंद, ड्रायव्हरच्या मानेत मोबाइल अडकवलेला आणि मागे सळया दोन हात बाहेर. मी गाडी दुकानाच्या ओट्याला नेऊन टेकवली म्हणून आत्ता टाइप करतोय. आणि तिथून पन्नास पावलांवर चेकिंग चालू होतं, हेल्मेट नसलेली कॉलेजची पोरं बाजूला घेत होते. रिक्षा त्यांच्या समोरूनच गेली असणार, दुसरा रस्ताच नाही तिथे.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल दंड बसला म्हणून रडतोय. माझा मावसभाऊ दिवाळीआधी बायपासवर घसरला. हेल्मेट होतं त्याच्याकडे, कोपरात. चौराहा आला की डोक्यावर, चौराहा गेला की कोपरात, रोजचं. कोपराला साधं खरचटलं नाही, डोक्याला अकरा टाके. त्या दिवशी कुणी रस्त्यात थांबवून त्याला दंड केला असता तर मीच मिठाई वाटली असती.

म्हणून विचारतोय, हे चालान, कॅमेरे, चेकिंग यानं रस्त्यावर मरणारे खरंच कमी होतात का? की तिजोरी भरते आणि आपण चौराहा बघून टोपी घालायला शिकतो?

पोहे_जिलेबी_५६
वसुली आहे भिया, दुसरं काही नाही. पुढचा प्रश्न.

पंपावरची_वहिनी
आमच्या घरच्यांची नोकरी पेट्रोल पंपावर, त्यामुळे या विषयावर मी तासभर बोलू शकते.

१ ऑगस्ट २०२५ पासून कलेक्टरांचा आदेश आला ना, हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही. त्याआधी सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीचे न्यायमूर्ती सप्रे इंदूरला येऊन बैठक घेऊन गेले होते, त्यानंतर हे निघालं. पहिल्या आठवड्यात काय झालं सांगू? लाइनीतला पहिला माणूस पेट्रोल भरायचा, हेल्मेट काढून मागच्याला द्यायचा, मागचा त्याच्या मागच्याला. एकच हेल्मेट दुपारपर्यंत पन्नास डोक्यांवरून फिरलं असेल. हे घरी येऊन म्हणाले, आतलं अस्तर तेलानं असं काळं पडलंय की त्यात पुऱ्या तळता येतील. शेजारच्या पानवाल्यानं तर दोन हेल्मेट भाड्यानं लावली, दहा रुपये. आणि ते दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरणारा आपलाच, त्याचा व्हिडिओ तर देशभर फिरला.

पण मला राग याचा नाही. राग याचा की पोलिसांचं काम नोझल धरणाऱ्या पोरावर टाकलं. देतो म्हटलं तर पंप सील व्हायची भीती, नाही म्हटलं तर समोरचा कॉलर धरतो. बारा-तेरा हजार पगाराचा मुलगा, तो कुणाकुणाला नाही म्हणणार?

खाकीच्या_घरातला
वहिनी, बरोबर. पण पोलिसांची बाजूपण ऐका, माझे बाबा ट्रॅफिकमध्ये होते, आता रिटायर. (इंदूरला नव्हते, दुसऱ्या जिल्ह्यात.) त्यांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे, "चालान कुणाचं होतं? जो थांबतो त्याचं." डंपर थांबत नाही, थांबला तर फोन येतो, "आपला माणूस आहे, सोडा." कॉलेजचा पोरगा थांबतो, त्याला काका-मामा नसतात, त्याचं होतं. वर महिन्याचा आकडा भरायचा असतो, तो हेल्मेटनं पटकन भरतो. राँग साइड पकडायची तर माणूस पाहिजे, गाडी पाहिजे, मागे धावायला जागा पाहिजे. पट्टीवर चाक पकडायला कॅमेरा पुरे.

मे महिन्यात चौराह्यावर आठ तास उभं राहून बघा, मग वसुली म्हणा.

पोहे_जिलेबी_५६
खाकीभाऊ, तुमच्या बाबांना नमस्कार, त्यांच्यावर राग नाही. पण मग १५ सप्टेंबर २०२५ चं काय? एअरपोर्ट रोडवर तो ट्रक शिरला, कालानी नगरकडून बडा गणपतीपर्यंत माणसं आणि गाड्या चिरडत आला, ड्रायव्हर प्यायलेला, आणि तो नो एंट्रीच्या वेळेतला रस्ता होता. हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. सांगा, नो एंट्रीचा बोर्ड होता की नव्हता? कायदा होता की नव्हता? महिना-दीड महिना सगळं शहर पंपावर हेल्मेट-हेल्मेट करत होतं आणि ट्रक गेला सरळ आत. मी वसुली म्हणतो ते यासाठी. जे मारतं ते मोकळं, जे सापडतं त्याला दंड.

मालवी_मास्तर
धागा चांगला निघालाय. मी गणिताचा मास्तर, निवृत्त, त्यामुळे थोडे आकडे सोसा.

भिडू, तुझ्या प्रश्नाचं उत्तर "कमी होतात, पण कसं पकडता त्यावर आहे" असं आहे, आणि हे उत्तर परदेशातलं नाही, आपल्या शेजारच्या राजस्थानातलं आहे. २०१० आणि २०११ मध्ये राजस्थान पोलिसांनी अर्थशास्त्रज्ञांना बरोबर घेऊन दारू पिऊन चालवणाऱ्यांसाठी नाकाबंदी करून बघितली. त्यात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, पुढे २०१९ ला नोबेल मिळालं तेच, आणि राजस्थानच्याच पोलीस अधिकारी नीना सिंगही होत्या. काही ठाण्यांच्या हद्दीत नाका कायम एकाच जागी, जिथे अपघात जास्त तिथेच. काही ठिकाणी नाका तीन जागांत फिरता, आज इथे तर परवा तिथे.

आता सांगा, अपघात कुठे कमी झाले असतील? वाटतं की जिथे अपघात जास्त तिथेच उभं राहिलं तर. तिथे काही फरक पडला नाही! फिरत्या नाक्यांच्या हद्दीत मात्र रात्रीचे अपघात १७ टक्के आणि रात्रीचे मृत्यू २५ टक्के कमी झाले. कारण साधं आहे, एका जागचा नाका दोन दिवसांत सगळ्यांना माहीत होतो आणि पिणारा मागच्या गल्लीनं घरी जातो. फिरत्या नाक्याला गल्ली कुठली धरणार?

अजून एक गंमत, खास खाकीभाऊंसाठी. काही नाके ठाण्याच्या रोजच्या पोलिसांनी लावले, काही पोलीस लाइनीतून वेगळी माणसं आणून, त्यांच्या गाडीत जीपीएस बसवून. दुसरी माणसं वेळेवर गेली आणि कामही जास्त केलं. ठाण्यातल्या माणसाला शंभर कामं, शिवाय चाललंय कुठे हे कुणी बघत नाही.

तुझा मावसभाऊ चौराहा बघून हेल्मेट घालायचा, म्हणजे तो राजस्थानातला पिणाराच, फक्त न पिता. त्याला चौराहा पाठ होता.

रामबागचा_भिडू
मास्तर, हे वाचून मावसभावाला पाठवलं. त्याचं उत्तर: "मी पीत नाही हे मास्तरांना सांग." 😄

मांडवीकर_बडोदा
नमस्कार, मी बडोद्याचा, इंदूर माझी सासुरवाडी, म्हणून डोकावतो इथे. आमच्याकडे हा प्रयोग सरकारनं उलटा करून दाखवला तो सांगतो.

१ सप्टेंबर २०१९ ला नवा मोटर वाहन कायदा लागू झाला, हेल्मेटला हजार, सीट बेल्टला हजार, दारूला दहा हजार. गुजरातनं लगेच आपले दंड कमी केले, हेल्मेटचे पाचशे. तरीपण तेव्हा इथे जी धांदल उडाली, पीयूसीला लाइन, हेल्मेटला लाइन, आमच्या मांडवीजवळचा एक भांडीवाला पातेल्यांच्या शेजारी हेल्मेट विकायला लागला. महिना-दोन महिने खरोखर डोकी झाकलेली दिसायची. मग ४ डिसेंबरला सरकारनं जाहीर केलं की महापालिका आणि नगरपालिका हद्दीत हेल्मेट ऐच्छिक. दुसऱ्या दिवशी, अतिशयोक्ती नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीत एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं. आमच्या मोठ्या काकूंनी त्यात झेंडूचं रोप लावलं. पुढे प्रकरण हायकोर्टात गेलं, सुप्रीम कोर्टाच्या समितीनं विचारणा केली आणि २०२० च्या सुरुवातीला सरकारला सांगावं लागलं की हेल्मेट बंधनकारकच आहे. पण झेंडू काही कुणी उपटला नाही.

तीन महिने दंड म्हणून घातलं, दंड गेला, काढलं. डोकं तेच, रस्ता तोच.

सदाशिव_सून
मी इंदूरची, लग्न करून पुण्यात आले, त्यामुळे हेल्मेटला विरोध म्हणजे काय ते मला शिकवू नका. इथे २०१९ च्या जानेवारीत सक्ती झाली तेव्हा त्याविरुद्ध मोर्चा निघाला, आणि माझ्या सासऱ्यांच्या मित्रमंडळात "आमचं डोकं, आमचा प्रश्न" या विषयावर दोन चहा झाले. पण त्याच पुण्याहून निघणाऱ्या एक्स्प्रेसवेवर २०१६ मध्ये १५१ माणसं गेली होती आणि नंतरच्या वर्षांत तो आकडा निम्म्याच्या आत आला. तिथे नुसता दंड नाही केला, पुलांच्या खांबांना कठडे लावले, बंद पडलेले ट्रक लेनमधून हलवले, अँब्युलन्स जवळ आणल्या, आणि स्पीडवर लक्ष. सगळं एकदम. त्यामुळे नक्की कशानं कमी झाले हे कुणी छातीठोक सांगू नये असं मला वाटतं.

पोहे_जिलेबी_५६
घ्या! मी तेच म्हणतो, रस्ता सुधारा आधी. गणेश घाट विसरलात का? इंदूरहून मुंबईला गाडीनं गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे, मानपूर उतरलं की घरात बायका देवाचं नाव घ्यायच्या. उतारच असा की भरलेल्या ट्रकचे ब्रेक तापून जायचे आणि तो समोरच्या लाइनीत घुसायचा. वर्षानुवर्षं बोर्ड लावले, स्पीड ब्रेकर केले, "गाडी हळू चालवा". शेवटी २०२४ च्या अखेरीस तिथे वेगळा रस्ता काढून दिला. ब्रेक फेल झालेल्या ट्रकचं चालान करून काय उपयोग? २०१९ च्या कायद्यात कलम १९८-अ आहे, रस्त्याची रचना चुकीची असली तर ठेकेदार-यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. माझ्या पाहण्यात तरी तो कुणाला झालेला नाही, आणि आपल्या पुढच्या चाकाला वीतभराचा झाला.

मालवी_मास्तर
जिलेबीराव, घाटाचं शंभर टक्के मान्य. पण "आधी रस्ता, मग दंड" यात एक पळवाट आहे. पाटनीपुऱ्याला कुठला घाट आहे? तिथे माणूस राँग साइड येतो तो उतारामुळे नाही, पुढचा यू-टर्न पाचशे मीटरवर आहे म्हणून.

स्पीडचं घ्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते, सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्के वाढतो. देशात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, त्यात सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात. त्याच वर्षी हेल्मेट नसलेले ५०,०२९. म्हणजे हेल्मेटही छोटी गोष्ट नाही, पण वेग त्याहून मोठी. आणि आपल्या बायपासवर रात्री बारानंतर वेग मोजायला कोण असतं?

हेल्मेटनं फरक पडतो का म्हणाल तर व्हिएतनाम बघा, आपल्यासारखाच दुचाकींचा देश. १५ डिसेंबर २००७ ला सक्ती केली, सगळ्या रस्त्यांवर, चालवणारा आणि मागचा दोघांना, दंडही वाढवला, आणि महिनोन्‌महिने आधी सांगत होते. त्या एका दिवसात बहुतेक सगळा देश हेल्मेट घालून बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी मृत्यू घटले. तिथेही लोकांनी स्वस्तातल्या टोपीसारख्या हेल्मेटा आणल्याच म्हणा. माणूस सगळीकडे सारखाच. पण त्यांनी १ ऑगस्टला सुरू करून सप्टेंबरअखेर संपणारा आदेश नाही काढला.

नाइटड्यूटी_ताई
वाचत होते, लिहायचं नव्हतं, पण मास्तरांनी ५०,०२९ लिहिलं म्हणून लिहिते. मी नर्स आहे, डोक्याला मार लागलेले पेशंट असतात त्या वॉर्डात, हॉस्पिटल सांगत नाही.

पेशंट येतो तेव्हा आम्ही आधी तीन गोष्टी बघतो, डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का. त्याचे १५ पैकी गुण. काहीच नसलं तरी ३ मिळतात, शून्य नसतो. आई-वडील विचारतात, ताई किती आले? दहावीच्या निकालासारखं. आणि मला "पाच" म्हणायचं असतं.

आता हेल्मेटचं. सामानाच्या पिशवीत बऱ्याचदा हेल्मेट येतं. शाबूत, एक ओरखडा नाही. पट्टा बघितला की कळतं, क्लिप लावलेलीच नाही, नवीकोरी आहे, कंपनीचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. गाडी आदळली की हेल्मेट आधी उडतं, मग माणूस पडतो. चेकिंगवाल्याला लांबून दिसतं हेल्मेट, क्लिप दिसत नाही. तुम्ही दंड वाचवलात, बास. मी इतकी वर्षं बघतेय, क्लिपचं चालान झालेला माणूस मला भेटला नाही. कायद्यात तर डोक्याला नीट बांधलेलं पाहिजे असं लिहिलंय.

आणि अजून एक. अपघातवाल्याला घेऊन येणारा माणूस स्ट्रेचरवर ठेवून पळून जातो अजून, पोलीस छळतील म्हणून. पळू नका हो. २०१९ च्या कायद्यात कलम १३४-अ आहे, मदत करणाऱ्यावर कसली जबाबदारी नाही, नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. तुम्ही थांबलात तर किती वाजता पडला, उलटी झाली का, एकदा तरी बोलला का, एवढं कळतं, आणि ते आम्हाला फार उपयोगी पडतं.

पंपावरची_वहिनी
ताई 🙏 यांना आत्ता वाचून दाखवलं. हे उठून दारामागचं हेल्मेट घेऊन आले आणि क्लिप लावून बघतायत. लागतच नाहीये, गंजलीय.

पोहे_जिलेबी_५६
ताई, तुमच्यापुढे वसुलीवाला शब्द मागे घेतो. अर्धा. ट्रकवाला अर्धा माझ्याकडेच ठेवतो.

संपादक
कृपया राजकीय प्रतिसाद टाकू नयेत, दोन काढले आहेत. कुठल्या पक्षाचा झेंडा लावलेली गाडी कुणी सोडली हा वेगळ्या धाग्याचा विषय.

खाकीच्या_घरातला
संपादक, तो वेगळा नाही हो, तोच विषय आहे 😀 पण असो.

बाबांना मास्तरांची राजस्थानची गोष्ट सांगितली. म्हणाले, "हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. नाका हलवा म्हणून आम्हीच म्हणायचो. पण साहेबांना राउंडला आल्यावर माणूस ठरलेल्या जागी दिसला पाहिजे." म्हणजे पिणाऱ्याला पण माहीत आणि साहेबाला पण माहीत, दोघांची सोय.

रामबागचा_भिडू
धाग्याचा मालक परत आलोय. मास्तरांचं वाचून दोन दिवस एक उद्योग केला. आमच्या गॅलरीतून खालचा रस्ता दिसतो. काल सकाळी चहा घेत घेत पहिल्या २० दुचाक्या मोजल्या, ४ डोकी झाकलेली, त्यातल्या दोघांची क्लिप लटकत होती (ताई, आता मला क्लिपच दिसते सगळीकडे). आज सकाळी पुढच्या कोपऱ्यावर चेकिंग होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो पोहेवाला आहे तो प्रत्येक येणाऱ्याला तर्जनीनं डोक्याकडे खूण करत होता, एका हातानं जीरावन भुरभुरतोय आणि दुसऱ्यानं खूण. लोक थांबायचे, हँडलचं हेल्मेट डोक्यावर, पुढे. आज २० पैकी १७. उरलेल्या तिघांनी गाडी वळवली आणि आमच्या मागच्या बोळातून गेले, त्यातला एक राँग साइडनं आणि शाळेच्या रिक्षेला घासून.

दहा वाजता चेकिंग उठलं. सव्वा दहाला मी निघालो तेव्हा सगळी हेल्मेटं परत हँडलला.

पोहेवाल्याला विचारलं, खूण का करतोस रे? म्हणाला, "भिया, कस्टमर हैं अपने."

मालवी_मास्तर
बॅनर्जींना हा पोहेवाला पाठवा.

सदाशिव_सून
भिडू, उद्या चेकिंग नसताना पण त्याला खूण करायला सांग ना. फुकटात काम होईल.

रामबागचा_भिडू
अरे! हे डोक्यातच आलं नाही. विचारतो.

पंपावरची_वहिनी
नाइटड्यूटी ताई, नवीन हेल्मेट घ्यायला रविवारी जातोय, माझ्यासाठी पण. आयएसआय बघायचं ते माहीत आहे, पण माझा अंबाडा असतो, तो आत मावत नाही, मोठा साइझ घेऊ का?

नाइटड्यूटी_ताई
मोठा अजिबात नको, सैल झालं की उडतं. अंबाडा सोडा, मानेखाली वेणी घाला. कपाळाच्या वरून टेपनं घेर मोजा, ५८ सेंमी आला तर मीडियम, ६० आला तर लार्ज. घातल्यावर डोकं जोरात डावीकडे-उजवीकडे हलवा, हेल्मेटबरोबर गालाची कातडी हलली पाहिजे. पहिले आठ दिवस गाल दाबल्यासारखे वाटतील, ते बरोबर आहे.

पंपावरची_वहिनी
मोजलं, ५७. यांचं ६१. हे म्हणतायत दुकानात नाही मिळालं तर त्या भाड्याच्या हेल्मेटवाल्या पानवाल्याकडे बघू, त्याच्याकडे सगळे साइझ पडून आहेत आता.